दगडावर नाव कशाला?

हज किंवा उमराहला निघालेल्या माणसाच्या पिशवीत एहराम, औषधे आणि चपलांचा जास्तीचा जोड असतो, तशीच चिठ्ठ्यांची एक पुडीही असते. नात्यागोत्यातले, शेजारपाजारचे, कधी कधी फारशी ओळख नसलेले लोकही या चिठ्ठ्या आणून देतात. कुणाच्या मुलीचे लग्न जमत नाही, कुणाच्या डोळ्याचे ऑपरेशन आहे, कुणाचा मुलगा परदेशात नोकरीवाचून बसला आहे. "तिथे पोहोचलात की आमचे नाव घ्या," एवढेच त्यांचे मागणे असते. ज्याला स्वतः जाता येत नाही, तो आपले दुःख दुसऱ्याच्या ओठांवर ठेवून पाठवतो. आपल्या घराघरांतली ही जुनी आणि चांगली रीत आहे.

पण या रीतीला कुठेतरी एक फाटा फुटला आहे. "नाव घ्या"च्या जागी "नाव लिहा" असे मागणे येऊ लागले आहे. अरफातच्या मैदानातल्या जबल-ए-रहमतवर किंवा हिरा गुहेच्या वाटेवर ज्याचे नाव दगडावर लिहिले जाते, त्याला पुढे तिकडून बोलावणे येते, त्याचे अडलेले काम होते, असे कुणीतरी कुणाला सांगितले आणि ते कानोकानी पसरले. हदीसमध्ये याला आधार नाही, हे उलेमा वारंवार सांगतात. तरीही नावे लिहिली जातातच.

आमच्याकडेही अशी एक चिठ्ठी आली होती. ती फुफीची होती. फुफी म्हसळ्याजवळच्या गावात राहते. पंच्याहत्तरी उलटली आहे, गुडघे बसू-उठू देत नाहीत, आणि तिच्या मुलीच्या लग्नाला अकरा वर्षे होऊनही मांडी रिकामी आहे. फुफी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, त्यामुळे चिठ्ठी देवनागरीत होती. दोन नावे, एक स्वतःचे आणि एक मुलीचे. सोबत तिने बाजारातून एक काळा मार्करही आणून दिला. "साधं पेन दगडावर उठत नाही म्हणे. दोनच नावं आहेत, वर कुठंतरी लिहा," असे म्हणून तिने मार्कर आमच्या हातात कोंबला. आम्ही चिठ्ठी घेतली आणि सांगितले, "फुफी, नाव नक्की घेऊ. लिहायचं मात्र कबूल करत नाही." तिने ऐकले न ऐकल्यासारखे केले.

आम्ही दोघे, कॉलेजात जाणारी मुलगी आणि आठवीतला मुलगा असे चौघे गेलो होतो. जबल-ए-रहमत ही मक्केपासून सुमारे २० किलोमीटरवर, जवळपास ७० मीटर उंचीची टेकडी. माथ्यावर पांढरा खांब. तिथवर पायऱ्या आहेत. चढू लागल्यावर दगडाचा मूळ रंग कोणता, हेच कळेना. उर्दू, बांगला, तुर्की, इंडोनेशियन, इंग्रजी, ज्या भाषा आम्हाला ओळखता आल्या त्या सगळ्या तिथे होत्या. नावांवर नावे, त्यांवर फोन नंबर, त्यांवर बदामाची चित्रे. आमच्या मुलीने दोन ठिकाणी देवनागरी अक्षरे शोधून काढली. मक्केतच जबल-ए-नूरवर हिरा गुहेकडे चढतानाही हेच. हरमपासून हा डोंगर जेमतेम ४ किलोमीटर. वर गुहा एवढीशी की चार-पाच माणसे दाटीने मावतील. पहिली वही जिथे उतरली, ज्या वाटेने प्रेषित हजरत मुहम्मद (स.) एकांतासाठी चढून जात, त्या वाटेच्या दोन्ही बाजूंच्या दगडांवर रंगाचे फटकारे. पायथ्याशी २०२३ मध्ये मोठे सांस्कृतिक केंद्र उघडले आहे आणि सूचनांचे फलक निरनिराळ्या भाषांत आहेत. फलक वाचून लोक वर जातात आणि वर गेल्यावर खिशातून मार्कर काढतात.

जबल-ए-रहमतवर आमच्या शेजारी एक कुटुंब दगडावर वाकून लिहीत होते. आम्ही थांबलेले पाहून त्यांतल्या आजोबांनी हसून आपला मार्कर आमच्यापुढे धरला. त्यांना वाटले, आमच्याकडे नाही म्हणून आम्ही खोळंबलो आहोत. त्या चेहऱ्यावर उर्मटपणाचा लवलेश नव्हता. त्या आजोबांवर चिडणे शक्यच नव्हते. आम्ही हात जोडल्यासारखे करून नको म्हटले, बाजूला झालो, किब्ल्याकडे तोंड करून चिठ्ठी उघडली आणि दोन्ही नावे मोठ्याने घेऊन दुआ मागितली. फुफीचा मार्कर पिशवीत तसाच राहिला.

त्या रात्री मुलाने विचारले, "पण पूर्वीचे लोक पण दगडावर लिहायचेच ना? मग त्यांचं लिहिलेलं जपतात आणि आताचं पुसतात, असं का?"

प्रश्न टाळण्यासारखा नव्हता, कारण त्याचे म्हणणे खरेच होते. हिजाझच्या जुन्या वाटांवर सुरुवातीच्या मुसलमानांनी कोरलेले लेख आहेत. अल-उलाजवळ, व्यापारी आणि हाजी ज्या वाटेने जात त्या वाटेवर, जुहैर नावाच्या एका माणसाने खडकावर चार शब्द कोरले आहेत. हजरत उमर (रजि.) यांचे निधन झाले त्या वेळी, हिजरी २४ साली, आपण हे लिहिले, एवढाच त्याचा मजकूर. इसवी सन ६४४ चा हा लेख म्हणजे हिजरी सनाचा उल्लेख असलेल्या अगदी जुन्या लेखांपैकी एक. २००३ मध्ये युनेस्कोने तो जगाच्या स्मृतिठेव्यात नोंदवला. मग जुहैरने केले ते इतिहास, आणि आमच्या फुफीचे नाव म्हणजे घाण?

आम्ही दोघांनी जमेल तसे उत्तर दिले. जुहैर लिहीत होता तेव्हा लिहू शकणारी माणसे मोजकी होती. कागद हाताशी नव्हता. रिकाम्या खडकांच्या मैलोन्‌मैल रांगेत त्याने एक खडक निवडला आणि त्यावर केवळ नाव न लिहिता आपल्या काळातली एक मोठी घटना टिपून ठेवली. आज एकट्या २०२३ या वर्षी परदेशातून उमराहला आलेल्यांची संख्या सव्वा कोटीच्या वर होती. त्यांतल्या शंभरातल्या एकाने जरी एकेक नाव लिहिले, तरी वर्षाला सव्वा लाख नावे होतात. डोंगर मात्र तेवढाच राहतो. मुलीने त्यात आणखी एक भर घातली. जुहैरची अक्षरे पावणेचौदाशे वर्षांनी वाचता येतात, याचाच अर्थ त्या कोरड्या हवेत खडक काही विसरत नाही. आज कुणी खिळ्याने ओढलेली रेघही तितकीच टिकेल. "म्हणजे पुढच्या हजार वर्षांच्या लोकांना आपण काय वाचायला देतोय, फोन नंबर?" असे ती म्हणाली, तेव्हा मुलगा हसला आणि प्रश्न तिथे थांबला.

गावी परतल्यावर फुफीला सांगणे बाकी होते. खजूर आणि जमजम देऊन झाल्यावर तिने पहिला प्रश्न तोच विचारला. आम्ही म्हणालो, नाव घेतले, दोघींसाठी दुआ मागितली, लिहिले नाही. तिचा चेहरा पडला. "दोन शब्द लिहायला तुमचं काय जात होतं?" असे म्हणून ती आत निघून गेली. त्या दिवशी तिने आमच्याबरोबर जेवण घेतले नाही. आम्हाला वाईट वाटले. मुलीच्या काळजीने पोखरलेल्या म्हातारीला नियम शिकवण्याचा आम्हाला हौस नव्हती, आणि तिची आशा मोडायचीही इच्छा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. आमच्या मुलीने मोबाइलमधले डोंगराचे फोटो तिला दाखवले. फुफीने चष्मा लावला, फोटो मोठे करून करून पाहिले. बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारले, "हे सगळं काळं काळं काय आहे?" मुलगी म्हणाली, "नावंच आहेत, नानी. तळहाताएवढी जागा रिकामी नाही." फुफी पुन्हा बघत राहिली. "म्हणजे माझं नाव लिहायचं तर कुणाच्या तरी नावावरच लिहावं लागलं असतं," ती म्हणाली. "तिही कुणाची आईच असणार." एवढे बोलून तिने चष्मा काढून ठेवला आणि तांदळाचे ताट पुढे ओढले. आम्हाला पटवून देता आले नव्हते ते तिचे तिलाच दिसले. तो काळा मार्कर आता तिच्या घरी लोणच्याच्या बरण्यांवर तारखा टाकायला वापरात आहे.

या प्रसंगातून आमच्या लक्षात एक गोष्ट आली. दगडावर लिहिणारा प्रत्येक जण गुंड नसतो. कुणी श्रद्धेने लिहितो, कुणी प्रेमाने, कुणी मित्रांच्या नादाने, तर कुणी आपण इथवर चढून आलो या आनंदात. आपण येऊन गेलो हे कुणाला तरी कळावे, ही इच्छा सगळ्यांतच असते. इच्छा समजून घ्यावी, पण दगड त्यासाठी देऊ नये. लिहिणाऱ्याशी बोलताना या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवल्या तरच बोलण्याचा उपयोग होतो.

मक्का लांब आहे, पण रायगड आम्हाला जवळ आहे. महाडपासून पायथा सुमारे २५ किलोमीटर. दर हिवाळ्यात आम्ही एकदा तरी मुलांना घेऊन पायऱ्यांच्या वाटेने चढतो. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांची जागतिक वारसा म्हणून नोंद झाली. त्यांतले ११ आपल्या महाराष्ट्रात आहेत आणि रायगड त्यांतला एक. गडावर जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर एक नाव कोरलेले आहे. ते आहे हिरोजी इंदुलकर यांचे. रायगडाचे बांधकाम ज्यांच्या हातून झाले ते हे हिरोजी. एवढा गड उभा केला आणि नाव कुठे ठेवले, तर पायरीच्या दगडावर, तेही आपण सेवेला सदैव तयार आहोत असे सांगणाऱ्या ओळीत. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय लागावेत म्हणून त्यांनी ती जागा मागून घेतली, असे लोक सांगतात. ज्याने गड बांधला त्याचे नाव पायरीशी, आणि जो सकाळी येऊन संध्याकाळी परतणार त्याचे नाव डोळ्यांसमोरच्या चिऱ्यावर!

दीड वर्षापूर्वी त्याच वाटेवर एका वळणावर चार तरुण बसलेले दिसले. एक जण टोकदार दगडाने कातळावर अक्षरे ओढत होता, दुसरा त्याचे शूटिंग करत होता. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. आमच्यापैकी एकाच्या चेहऱ्यावर दाढी आहे, दुसरीच्या डोक्यावर ओढणी. आजच्या दिवसांत, शिवरायांच्या गडावर, अनोळखी पोरांना आम्ही काही सांगावे की नाही, हा विचार मनात आलाच नाही असे म्हटले तर ते खोटे ठरेल. सोबत मुले होती. गप्प राहिलो असतो तर कुणी दोष दिला नसता.

पण मुले बघत होती. आम्ही त्यांच्याजवळ बसलो, पाण्याची बाटली आणि चिक्की पुढे केली. कुठून आलात, पहिल्यांदाच का, अशी विचारपूस झाली. मग म्हटले, "वर जगदीश्वराच्या पायरीवर एक नाव आहे, ते बघायला विसरू नका. ज्याने हा गड बांधला त्याचं." लिहिणाऱ्याने विचारले, "मग?" आम्ही म्हणालो, "त्याने पायरीवर लिहिलं, तुम्ही कुठे लिहिताय ते बघा." शूटिंग करणारा हसला आणि त्याने मोबाइल खाली घेतला. ज्याच्या हातात दगड होता तो मात्र उखडला. "तुम्ही कोण सांगणारे?" असे म्हणाला. प्रश्नात काय दडले होते ते आम्हाला कळले, त्यालाही कळले असावे. आम्ही एवढेच सांगितले, "महाडचे आहोत. हा गड आमच्या घरासमोरचा आहे." त्याच्याच एका मित्राने त्याचा हात धरला, "चल रे, सोड," म्हणाला, आणि ते वर निघून गेले. अर्धवट नाव कातळावर राहिले, आजही आहे. आम्ही त्या दिवशी काही जिंकलो नाही. पण मुलांनी पाहिले की बोलता येते, आणि आवाज न चढवता बोलता येते.

त्याच वाटेवर खाली उतरताना आणखी एक गोष्ट घडली, जी आम्हाला जास्त टोचली. एका मोठ्या धोंड्यावर लाल रंगात दहा-बारा नावे होती आणि त्यांत एक नाव आपल्यातले होते. मुलाने ते सगळ्यांत आधी पाहिले आणि घाबरून म्हणाला, "हे पुसून टाकूया. कुणी बघितलं तर आपल्या सगळ्यांना बोलतील." अशी भीती आपल्यातल्या कित्येक घरांना ओळखीची आहे. दहा नावे असली तरी बोभाटा एकाचा होईल, हे तेरा वर्षांच्या मुलालाही कळते. तरीही आम्ही त्याला सांगितले, की एकच नाव पुसले तर दगड स्वच्छ होत नाही, फक्त आपली लाज झाकली जाते. त्या धोंड्याचा फोटो काढला, वळणाची खूण टिपली आणि खाली येऊन देखरेखीवरच्या माणसाला सगळ्या नावांसह दाखवला. चूक ज्याची त्याची. ती त्याच्या जमातीची नाही, तसेच ती झाकणे हे जमातीचे कामही नाही.

पुसायला का नाही म्हटले, यामागे आणखी एक कारण आहे. ते घरातल्या बायामाणसांना लगेच पटेल. मसाल्यात आपण दगडफूल घालतो. बिर्याणीला तो वास त्याचाच. हे दगडफूल म्हणजे खडकावर आणि झाडांच्या सालीवर वाढणारी एक जिवंत वस्तू. बुरशी आणि शेवाळ यांच्या भागीदारीने ती बनते, आणि वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढते. सह्याद्रीचा काळा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्याच्या वरच्या थरावर ऊन-पावसाने काळपट साय धरलेली असते आणि तिच्यावर अशी दगडफुले, शेवाळी आपला संसार मांडतात. त्यावर ऑइलपेंट फासला की ती मरतात. टोकदार दगडाने ओरखडले की सायीखालचा फिका दगड उघडा पडतो आणि ती रेघ आपल्या हयातीत भरून येत नाही. आता ही घाण काढायला आपण तारेचा ब्रश, ॲसिड किंवा थिनर घेऊन बसलो, तर नावाबरोबर उरलेली सायही जाते. कोकणातला जांभा तर त्याहून भुसभुशीत. त्याच्या भोकांत रंग मुरतो आणि घासू तसा दगड झडतो. म्हणून हे काम जाणकारांचे. चांगल्या हेतूने केलेली घासपूसही दगडाला दुखापतच करते.

आणि कायदाही तेच सांगतो. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकाची नासधूस किंवा विद्रूपीकरण हा १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. पूर्वी त्याला तीन महिने कैद किंवा पाच हजार रुपये दंड होता. २०१० च्या दुरुस्तीनंतर ही शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी झाली. कॉलेजच्या वयाच्या मुलाला नोकरीच्या तोंडावर असा गुन्हा चिकटणे म्हणजे काय, हे आईबापांनी मुलांना सहलीला पाठवण्याआधी एकदा समजावून सांगितलेले बरे.

दगडावर नाव कोरणे हा काही आजच्या पोरांचाच उद्योग नाही. अजिंठ्याची लेणी १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडली. तो शिकारीला आला होता. दहाव्या लेण्यात शिरून त्याने काय केले, तर जुन्या चित्रावरच आपले नाव आणि तारीख ओरखडली. लेण्यात तेव्हा माती-दगडांचा ढीग साचलेला होता, त्यावर उभा राहून त्याने ते केले, म्हणून आज ते नाव माणसाच्या डोक्याच्याही वर दिसते. दोनशे वर्षे झाली. त्याचे नाव खरोखरच टिकले, पण कशासाठी टिकले ते पाहा. गाइड ते दाखवतात तेव्हा ऐकणारे चुकचुकतात.

अशा वेळी काय करावे, याबद्दल आम्ही आमच्या घरापुरते काही ठरवले आहे. पटले तर वाचकांनीही करून पाहावे.

कुणी लिहिताना दिसले तर आधी माणूस पाहावा. लहान मूल असेल तर त्याच्या आईवडिलांशी बोलावे, मुलाला चारचौघांत दटावू नये. तरुण असतील आणि शुद्धीत असतील तर जवळ जाऊन सलाम-नमस्कार करावा, गप्पा माराव्यात आणि मग मुद्द्यावर यावे. दारू प्यालेले किंवा अंगावर येणारे असतील तर वाद घालू नये. थोडे पुढे जाऊन पहारेकऱ्याला सांगावे, गरज पडली तर ११२ वर फोन करावा. बायकामुले सोबत असताना शौर्य दाखवायची जागा ती नव्हे.

मशिदीत एका अडाणी खेडुताने लघवी केली तेव्हा लोक त्याच्यावर धावून गेले. प्रेषितांनी (स.) त्यांना थांबवले, त्याचे उरकू दिले, त्या जागेवर बादलीभर पाणी ओतायला सांगितले आणि मग त्या माणसाला जवळ घेऊन शांतपणे समजावले. ही हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मशिदीच्या अंगणात जर एवढी नरमाई, तर डोंगराच्या वाटेवर आपण कोण लागून गेलो आहोत?

लिहिणाऱ्याचा फोटो काढून गावभर फिरवू नये. दगडाचा फोटो काढावा, जागा नीट टिपावी आणि तो जिथे पोहोचायला हवा तिथे, म्हणजे किल्ल्यावरच्या कार्यालयात किंवा पुरातत्त्व खात्याला, पाठवावा. व्हॉट्सॲपवर एखाद्या पोराची अब्रू काढून कातळ पूर्ववत होत नाही, उलट गावातल्या गावात नवे भांडण उभे राहते.

मुलांच्या हाताला दुसरे काम द्यावे. आमच्या घरी एक वही आहे. ज्या डोंगरावर, ज्या किल्ल्यावर जाऊ तिथे बसून प्रत्येकाने त्या वहीत तारीख घालून नाव लिहायचे, चार ओळी लिहायच्या, हवे तर चित्र काढायचे. नाव लिहायची हौस भागते. धाकट्याने पहिल्या पानावर हिरा गुहेचे चित्र काढले आहे. त्यात दगड कोरे आहेत.

आणि शेवटची गोष्ट, जी सगळ्यांत सोपी आहे. वाटेवरचा काटा, दगड, काच बाजूला करणे हीही ईमानची एक शाखा आहे, असे आपल्याला शिकवले गेले आहे. चढताना खिशात एक पिशवी ठेवावी. चिप्सची पाकिटे, प्लास्टिकच्या बाटल्या, फुटक्या काचा जमेल तेवढ्या उचलून खाली आणाव्यात. रंग आपल्याला काढता येत नाही, पण कचरा येतो. जिथे कचरा पडलेला असतो तिथे दगड रंगवायला हात लवकर उठतो, हा आमचा अनुभव आहे, आणि जी वाट झाडून ठेवलेली असते तिथे तोच हात जरा अडखळतो.

जमाअतीतल्या, शाळेतल्या, मदरशातल्या शिक्षकांना एक विनंती. पुढच्या वेळी सहल न्याल तेव्हा डबे आणि पाण्याच्या बाटल्या मोजता, तसे पोरांच्या दप्तरातले मार्कर आणि रंगाचे डबेही पायथ्याशीच काढून ठेवा. पाच मिनिटांचे काम आहे.